परत आलेल्यांची घाई

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या संकुलात संध्याकाळी बाकांवर जी ज्येष्ठ मंडळी जमतात, त्यांत दोन-तीन तरी 'तिकडून आलेले' असतातच. कुणी न्यू जर्सीहून, कुणी लेस्टरहून, कुणी उभी नोकरी मस्कतला काढून. नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सकडेही हेच. आल्यावर पहिले सहा-आठ महिने या मंडळींचा एकच विषय असतो, इथली कामं किती रखडतात. बाकावरच्या इतरांचं उत्तरही ठरलेलं, होईल हो सवय. होतेही. वर्षभरात माणूस निवळतो, 'चालायचंच' म्हणायला लागतो, आणि पुढच्या वर्षी कुणी नवा आला की त्याला तोच सल्ला देतो. आपण याला समजूतदारपणा म्हणतो.

मला हा सल्ला पटत नाही. परत आलेल्या माणसाची घाई शहराला आयती मिळते आणि आपण सगळे मिळून ती वर्षभरात जिरवून टाकतो. ती घाई बऱ्याचदा भलत्याच माणसावर निघते हेही खरं आहे, त्याकडे नंतर येतो.

आधी एक भ्रम दूर करू. 'तिकडे सगळं झटपट' असं मुळीच नसतं, आणि परत आलेले लोक ते सोयीने विसरतात. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत 18 आठवडे हे अधिकृत उद्दिष्ट आहे. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी चार महिने, आणि हे उद्दिष्टही तिथे कित्येक वर्षांत गाठलेलं नाही. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, दूध संपलं तर संपलं. अमेरिकेत नळ गळायला लागला तर प्लंबर त्याच्या सवडीची वेळ देतो आणि नुसतं दारात येण्याचे पैसे लावतो. ठाण्यात गुडघा आखडला तर संध्याकाळी पाचपाखाडीत हाडांचे डॉक्टर बघतात, एमआरआय दुसऱ्या दिवशी होतो. प्लंबर दुपारी येतो, इस्त्रीवाला दारात येतो, कोथिंबीर दहा मिनिटांत येते. पैसे मोजून घ्यायच्या बहुतेक सेवांमध्ये आपण त्यांच्या पुढे आहोत. लेस्टरच्या माणसाने ठाण्यात येऊन 'स्लो सर्व्हिस' म्हणावं हे खरं तर गमतीचं आहे.

मग तक्रार नेमकी कशाची? तिकडे चार महिने थांबणाऱ्याच्या हातात एक पत्र असतं आणि पत्रावर तारीख असते. ती पुढे गेली तर दुसरं पत्र येतं. तो चिडतो, पण घरी बसून चिडतो. आपल्याकडे माणूस खिडकीसमोर उभा राहून थांबतो, आणि किती थांबायचं हे त्याला कुणीच सांगत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांबरोबर मी अशा एका कार्यालयात गेलो होतो. कुठलं ते सांगायची गरज नाही, ठाणेकरांनी आपापल्या अनुभवाप्रमाणे नाव घालावं. काका पस्तीसेक वर्षं अमेरिकेत होते. वडील गेले, त्यांच्या नावावरच्या जागेच्या नोंदीत बदल करून हवा होता. काकांची फाईल बघण्यासारखी होती, प्रत्येक कागदाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी, वर टाइप केलेली यादी, शेवटी अर्जाची पोच. पोचेवर शिक्का होता. शिक्क्यात तारखेची जागा कोरी.

"मॅडम, अर्ज देऊन दीड महिना झाला."

"फाईल साहेबांकडे आहे, काका."

"कधीपर्यंत होईल?"

"साहेब आले की होईल."

"साहेब कधी येणार?"

"ते काय आम्हाला सांगून जातात?"

काका न चिडता म्हणाले, "तुम्ही अंदाजे सांगा. महिन्यानंतरची तारीख सांगितलीत तरी चालेल, मी मध्ये फिरकणार नाही." मॅडम गप्पच झाल्या. उद्धट नव्हत्या बिचाऱ्या. त्यांच्या टेबलावर डाव्या हाताला फायलींची थप्पी होती, उजवीकडे निवडणुकीच्या कामाचं पाकीट, मध्ये डब्याची पिशवी. त्यांना हा प्रश्नच कधी कुणी विचारला नसावा. लोक 'करा ना मॅडम' म्हणतात, 'गरीब माणूस आहे' म्हणतात, ओळख सांगतात. कधी करणार ते सांगा, मी जातो, असं कोण म्हणतं?

बाहेर आलो तर झेरॉक्सच्या टपरीशेजारी खुर्ची टाकून एक गृहस्थ बसले होते. त्यांनी काकांच्या हातातली फाईल लांबूनच ओळखली. कागद चाळले, दोन आकडे सांगितले. एक रकमेचा, आणि दुसरा, "गुरुवारी चारनंतर या."

त्या आवारात तारीख देणारा हा एकटा माणूस होता. एजंट लाच पोचवतो, ओळख वापरतो, हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण गिऱ्हाईक त्याच्याकडे येतं ते मुख्यतः या गुरुवारासाठी. सरकारी खिडकी जी तारीख देत नाही ती तो विकतो. परत आलेल्या मंडळींना आपण 'सवय होईल' म्हणतो तेव्हा व्यवहारात त्याचा अर्थ असतो की लवकरच तुम्हाला एजंट सापडेल. आणि ते सापडवतातही. डॉलरमध्ये हिशेब करणाऱ्याला तो आकडा किरकोळ वाटतो, तो घासाघीस करत नाही, आणि पुढच्या वेळी त्याच कामाला कल्याणच्या निवृत्त शिक्षकालाही तोच भाव सांगितला जातो. जुळवून घेतल्याची ही किंमत जुळवून घेणारा भरतच नाही.

या लोकांना वेळेचं इतकं का वाटतं हेही समजून घ्यायला हवं. यांतले बरेच जण कायद्याच्या नजरेत ठाण्यात परदेशी आहेत. नौपाड्यात जन्मलेला, तलावपाळीवर सायकल शिकलेला माणूस अमेरिकेचं नागरिकत्व घेतो तेव्हा भारताचं सुटतं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. हातात राहतं ते ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं ओळखपत्र. त्यावर आयुष्यभर राहता येतं, फ्लॅट घेता येतो. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मुरबाडला थोडी जमीन घेऊन आंबे लावायचे बेत तिथेच संपतात. (महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या भारतीय माणसालाही शेतजमीन घेताना कायदा आडवा येतो, तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नये.) त्यांना आधार काढायचं तर आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात काढलेले असावे लागतात. तोवर कुठल्याही खिडकीवर 'आधार नाही' म्हटलं की आतला माणूस पहिल्यांदा मान वर करून बघतो.

आखातातून आलेल्यांची गोष्ट वेगळी. तिथे नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळे ते भारतीयच राहिले. पण तिकडून दरमहा येणारी पेन्शनही त्यांच्यामागे नाही. नोकरी संपताना हातात पडलेली रक्कम आणि आयुष्यभराची बचत, एवढ्यावर पुढची वर्षं काढायची. ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात मिळते, पण तिथे राहणाऱ्यांना दरवर्षी मिळणारी वाढ इथे राहणाऱ्याला मिळत नाही. रक्कम गोठते आणि महागाई मात्र ठाण्याची. अमेरिकेचं सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिथली सरकारी पेन्शन, इथे येतं, पण मेडिकेअर हा तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा इथल्या रुग्णालयाचं बिल भरत नाही. इथला आरोग्य विमा काढावा तर आधीपासूनच्या मधुमेहासाठी, रक्तदाबासाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. सत्तरीच्या पुढच्यांना 2024 पासून आयुष्मान भारतचं कवच आहे, पण ते भारतीय नागरिकांना. अडुसष्टाव्या वर्षी 'तीन महिने लागतील' आणि तिसाव्या वर्षी 'तीन महिने लागतील' यांत फरक आहे, आणि आपली कार्यालयं तो करत नाहीत. अर्थात हे काही परत आलेल्यांपुरतं नाही. जन्मभर वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात राबलेला माणूसही अडुसष्टचाच असतो.

आता परत आलेल्यांच्या चुकीवर येतो. ही घाई निघते कुणावर? आमच्या गेटवर दर संध्याकाळी बघायला मिळतं. दहा मिनिटांत येणारी पिशवी सोळा मिनिटांनी आली म्हणून घामाने भिजलेल्या पोराला उभं करून ऐकवलं जातं. वॉचमनने रजिस्टरमध्ये नाव चुकीचं लिहिलं म्हणून इंग्रजीत झापलं जातं. लिफ्टचा मेकॅनिक, केरवाली बाई, पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, सगळे या तावडीत सापडतात. आणि हेच गृहस्थ कार्यालयात दीड महिना उशीर करणाऱ्या साहेबांसमोर खुर्ची पुढे ओढायलाही बिचकतात. तिकडे दुकानातल्या पोराला हसून 'थँक यू' म्हणणारी ही माणसं. विमान उतरलं की त्या सवयी कुठे जातात कोण जाणे.

खरं तर तिकडच्या संथपणातली एक गोष्ट त्यांनी आठवणीने इकडे आणायला हवी होती. परदेशातला प्लंबर पुढच्या मंगळवारची वेळ देतो, कारण त्याचा दर ठरलेला असतो, त्याला सुट्टी असते आणि नाही म्हणायची सोय असते. आपला प्लंबर दुपारी दोनला धावत येतो तो कार्यक्षमतेमुळे नव्हे. आज आला नाही तर उद्या दुसऱ्याला बोलावतील ही धास्ती त्याला असते. दिव्याहून सकाळी निघून तो ठाण्यात येतो, त्याला रविवार नसतो, म्हातारपणासाठी काही साठत नसतं. कोथिंबीर आणणाऱ्या पोराचं तेच. आपल्या खाजगी सेवा जलद आहेत याचं अर्धं कारण त्या देणाऱ्यांच्या रिकाम्या खिशात आहे. तेव्हा घाई करायचीच तर ज्याचा पगार, रजा आणि पेन्शन नक्की आहे आणि ज्याच्या टेबलावर आपला अर्ज पडून आहे त्याच्याकडे करावी. बाकीच्यांना पाच मिनिटं जास्त दिल्याने कोथिंबीर सुकत नाही.

त्याच्याकडे घाई करायची म्हणजे ओरडायचं नाही. त्यासाठी कायदा आहे आणि तो काही नवा नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 सालचा. सरकारी खाती आणि महापालिका ज्या सेवा देतात त्यांतल्या अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे. जन्माच्या दाखल्याला महापालिकेला तीन दिवस आहेत, घरपट्टीच्या नोंदीवर दस्ताच्या आधारे नाव बदलायला पंधरा. अर्जाची पोच द्यायची, पोचेवर मुदत लिहायची. मुदत उलटली किंवा सबळ कारणाशिवाय नकार मिळाला तर तीस दिवसांत त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी राज्याच्या सेवा हक्क आयोगाकडे. वकील लागत नाही. दोषी ठरलेल्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. रक्कम हास्यास्पद आहे असं कुणी म्हणेल. साहेबांना पाच हजारांचं काही वाटत नाही हे मान्य, पण आपल्या नावाने दंडाचा कागद निघणं कुठल्याच अधिकाऱ्याला आवडत नाही.

हा कायदा वापरला का जात नाही, याचं कारण बाकावर बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे. अपील केलं तर साहेब खुन्नस धरतील, पुढची कामं अडतील. ज्याचं सगळं आयुष्य इथेच जायचंय, ज्याला पोराचा दाखला, दुकानाचा परवाना, घराची दुरुस्ती अशी दहा कामं त्याच इमारतीत पडायची आहेत, त्याची ही भीती खोटी नाही. परत आलेल्या निवृत्त माणसाची गोष्ट थोडी निराळी. त्याचा धंदा इथे नाही, नोकरी इथे नाही, मुलं डॅलस किंवा टोरांटोला. अडवून अडवून त्याचं अडवणार काय? त्याच्याकडे सकाळ मोकळी असते, कागद नीट लावायची सवय असते, पत्राला पत्राने उत्तर द्यायची शिस्त असते. शहरात अपील करायला सगळ्यात कमी घाबरावं अशी जी माणसं आहेत, नेमक्या त्यांनाच आपण 'सवय होईल' म्हणून बसवून ठेवतो.

'इतकी वर्षं देश सोडून गेलात, आता आम्हाला शिकवता?' हा टोमणा मी बाकावर ऐकलाय. त्यात राग आहे तो समजण्यासारखा आहे. पण शिकवा असं कुणी म्हणतच नाहीये. न्यू जर्सीत असं असतं आणि टोरांटोत तसं असतं ही भाषणं सोसायटीच्या वार्षिक सभेत आम्ही पुष्कळ ऐकली, त्याने गळती थांबली नाही. कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केलेला, मुदत इथल्या खात्यांनी स्वतः ठरवलेली. त्यासाठी तिकडचा दाखला काढायचं कारणच नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कर्मचारीच कमी आहेत, पदं भरलेली नाहीत, आहेत त्यांना निवडणूक आणि जनगणना यांच्या कामाला जुंपलं जातं, मग त्या मॅडमनी तारीख द्यावी कुठून? हे खरं आहे, आणि म्हणूनच तारीख हवी. आज अर्ज नुसता पडून राहतो तेव्हा उशीर कुठेच नोंदला जात नाही. टेबलावरची थप्पी मॅडमना दिसते, मंत्रालयाला दिसत नाही. पोचेवर मुदत पडली, ती उलटली, अपिलं आली, तर या कार्यालयात इतक्या माणसांत इतकं काम होत नाही हे कागदावर येतं. अपिलाला उत्तर देताना वरच्या साहेबांना 'माणसं द्या' असं लेखी म्हणावं लागतं. तोवर ती तूट एजंट आणि आपण मिळून भागवत राहतो आणि पदं रिकामीच राहतात.

मी सोसायटीच्या कमिटीवर आहे, त्यामुळे घरचाही आहेर देतो. फ्लॅट विकला किंवा मालक वारले की शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायचा अर्ज आमच्याकडे येतो. सहकार कायद्याप्रमाणे सभासदत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. महापालिका हद्दीत हस्तांतरण शुल्काला पंचवीस हजारांची कमाल मर्यादा आहे. ठाण्यातल्या किती कमिट्या अर्जाला तारखेसकट पोच देतात? सेक्रेटरी गावाला गेलेत, चेअरमनची सही राहिलीय, पुढच्या मीटिंगमध्ये बघू. सरकारला नावं ठेवणारी आपणच मंडळी खुर्ची मिळाली की तशीच वागतो, आणि कमिटीला पगार नसतो हे उत्तर तयार ठेवतो. आमच्याकडे आता पोचेवर पुढच्या मीटिंगची तारीख लिहून देतात. ती सूचना मस्कतहून आलेल्या एका गृहस्थांची. सुरुवातीला सगळ्यांना त्यांचा वैताग आला होता.

राहिला मताचा प्रश्न. ओसीआयवाल्याला मत नाही, मग नगरसेवक त्याचं का ऐकेल, असं विचारतात. ऐकणार नाही कदाचित. पण नवी मुंबईत 2020 पासून आणि ठाण्यात 2022 पासून नगरसेवकच नव्हते. जानेवारी 2026 मध्ये निवडणूक होईपर्यंत दोन्ही महापालिका प्रशासक चालवत होते. तेवढी वर्षं यादीत नाव असलेला आणि नसलेला एकाच रांगेत उभा होता. सेवा हक्काचा कायदा मतदार यादी बघत नाही, तो 'पात्र व्यक्ती' बघतो. नौपाड्यातल्या घराची घरपट्टी भरणारा अमेरिकन नागरिक त्या घरपट्टीचा उतारा मागायला पात्र आहे आणि मुदत उलटली की अपील करायलाही. कुठली सेवा, किती दिवसांत, कोण अधिकारी, अपील कुणाकडे, याचा फलक कार्यालयात लावणं याच कायद्याने बंधनकारक आहे. नवे नगरसेवक आता निवडून आलेत. रस्ते आणि पाणी मागायला आपण त्यांच्याकडे जाऊच. पहिल्या भेटीत एवढं विचारता येईल, की तुमच्या प्रभाग कार्यालयात तो फलक आहे का, आणि असेल तर तो कपाटामागे आहे की खिडकीसमोर.